तीन दिवसांची रजा

एकदा अलिबागेकडच्या एका गावात पेसाहचा सण तोंडावर आला होता. मिसर देशात फारो राजाच्या गुलामीत पिचलेल्या आपल्या पूर्वजांना मोशे या पुढाऱ्याने सोडवलं, त्याची आठवण म्हणून यहुदी लोक हा सण करतात. तेवढे दिवस घरात आंबवलेल्या पिठाचा कणसुद्धा ठेवत नाहीत. म्हणून आधी आठवडाभर घर असं घासतात की भिंतीचा चुना निघावा.

मिलकाबाईंच्या घराचं तर विचारूच नका. डबे उन्हात, गाद्या उन्हात, तांब्यापितळेला चिंच-राख. हे सगळं करत होती त्यांची कामवाली चांगुणा. मिलकाबाई देखरेख करत होत्या, आणि तीही तोंडाने.

चांगुणेची लेक पहिलटकरीण. बाळंत होऊन दोन दिवस झालेले, जवळ कोणी नाही. चांगुणेने तीन दिवसांची रजा मागितली. बाई म्हणाल्या, सण होऊ दे. तिने पुन्हा मागितली, तर म्हणाल्या, कामाच्या वेळीच बरी लेक आठवते. आणि माळ्यावरची हंडी-पातेलीही घासायला काढून दिली.

सणाच्या आदल्या दिवशी सकाळी म्हातारे हझान घरी आले. हझान म्हणजे यहुद्यांच्या प्रार्थनाघरात, सिनेगॉगमध्ये, प्रार्थना सांगणारे. मिलकाबाई त्यांच्याकडे धर्मग्रंथ शिकायच्या, त्यांना नाना म्हणायच्या. घर बघून त्यांनी शाबासकी द्यावी, म्हणून बाईंनीच बोलावलं होतं. येताना नाना विहिरीशी थांबून चांगुणेशी दोन शब्द बोलले. मग आत आले. एक फडताळ उघडून पाहिलं नाही. लख्ख पुसलेल्या स्वयंपाकघरात मधोमध बसकण मारली, खिशातून कडक पाव काढला आणि खाऊ लागले. चुरा चहूकडे.

मिलकाबाईंना वाटलं, म्हातारपणी डोकं फिरलं. पण गुरूला बोलायचं कसं? राग गिळून त्यांनी मागल्या दाराकडे हाक दिली, चांगुणे, फडकं आण, पुन्हा पुसायला लागणार.

"पाव मी सांडला," नाना म्हणाले, "मग हाक तिला का?"

"मग काय मी पुसू?"

"ते राहू दे. मोशे पहिल्यांदा फारोपुढे गेला, तेव्हा त्याने काय मागितलं?"

धडा पाठ होता. "तीन दिवसांची रजा. रानात जाऊन देवाची सेवा करायला."

"फारो काय म्हणाला?"

"म्हणाला, हे आळशी झालेत. यांना विटा थापायला गवत देऊ नका, स्वतः गोळा करू दे, काम वाढवा..." आणि मिलकाबाईंची नजर दाराकडे गेली. दारात चांगुणा उभी होती, कोपरापर्यंत राखेने माखलेली.

"उद्या सांजेला सणाच्या प्रार्थनेत तू म्हणशील, आम्ही गुलाम होतो," नाना म्हणाले. "दरवर्षी म्हणतेस, डोळ्यांत पाणी आणून. अगं, गुलाम होतो एवढंच घोकायला देवाने हा सण दिला नाही. आपण फारो कधी होऊन बसतो, ते कळावं म्हणून दिला. पिठाचा कण आठ दिवस शोधलास. हिची लेक कुठल्या गावी आहे, ते विचारलंस?"

विचारलं नव्हतं. मिलकाबाईंनी चांगुणेच्या हातातलं फडकं घेतलं.

"कुठे आहे लेक?"

"रोह्याला, बाई."

"हात धू आणि नीघ. दिवस मोजू नकोस. लेक उठून हिंडूफिरू लागली की ये."

चांगुणा दुसऱ्या शब्दाला थांबली नाही. मिलकाबाई कण्हत जमिनीवर बसल्या आणि चुरा टिपू लागल्या.

"नाना, पाय उचला."

नानांनी मुकाट्याने पाय उचलले.

सुटकेचा सण करावा, जरूर करावा. फक्त त्यासाठी आपण कोणाला अडकवून ठेवलंय, तेवढं आधी बघावं.