खंड्याचे बीळ आणि दोन ओढे

दोन ओढे जिथे एकमेकांना मिळतात आणि तिथून पुढे लोक त्यांना नदी म्हणू लागतात, तिथल्या करंजाच्या फांदीवर एक खंड्या राहत असे. निळ्या पाठीचा, लांब चोचीचा आणि भारी चौकस. त्याच्या बायकोचे अंडी घालायचे दिवस जवळ आले होते, म्हणून दरडीत बीळ कोरायची घाई होती. पण कोणत्या ओढ्याकाठी? उजवीकडचे पाणी इतके नितळ की तळाची वाळूसुद्धा स्पष्ट दिसे. डावीकडचे हिरवट, गढूळ, त्यात म्हशी दिवसभर डुंबत. "म्हशींच्या आंघोळीच्या पाण्यावर माझी पिल्लं वाढणार होय?" म्हणून खंड्याने नाक मुरडले. पक्ष्याला नाक कुठले म्हणा, पण मुरडले खरे! आणि तो नितळ ओढ्याकाठी चोचीने माती उकरू लागला.

दमला की तो खाली पाण्यात डोकावून बघे. पहिल्या दिवशी एकही मासा दिसला नाही. झोपले असतील, त्याला वाटले. दुसऱ्या दिवशीही नाही. पाहुणचाराला गेले असतील कुठे! चौथ्या दिवशीही नाही, तेव्हा मात्र त्याने उकरणे थांबवले. उद्या पिल्लांनी चोची उघडल्या, तर त्यांत घालायचे काय? जवळच बगळा उभा होता. खंड्याने विचारले, "बगळेदादा, एवढ्या स्वच्छ पाण्यात मासे का नाहीत?" बगळा पाण्यातले आपले प्रतिबिंब न्याहाळत म्हणाला, "मला काय ठाऊक? मी इथे नुसतं रूप बघायला येतो. जेवायला तिकडे म्हशींकडे जातो."

खंड्या तडक गढूळ ओढ्यातल्या म्हाताऱ्या खेकड्याकडे गेला. "आजोबा, पाण्याची पारख कशी करायची हो?" खेकड्याने नांगीने तळाचा एक दगड उलटा केला. दगडाखाली नुसती झुंबड! बारीक झिंगे, गोगलगायी, वळवळणाऱ्या अळ्या, आणि त्या खायला टपलेले मासे. मग खेकडा तिरका चालत नितळ ओढ्याकडे आला. पाण्यात पाय न घालता त्याने काठावरूनच एक दगड पालथा केला. त्याखाली काहीच नव्हते. "वरच्या अंगाला फवारणीचे पंप धुतात," तो हळूच म्हणाला. "इथे शेवाळसुद्धा धरत नाही, म्हणून हे एवढं नितळ. माझी पोरंबाळं याच ओढ्यात होती."

खंड्याने अर्धे बीळ तसेच सोडले आणि म्हशींच्या ओढ्याकाठी नवे कोरले. "चार दिवस फुकट गेले की," बायको म्हणाली, पण अंडी तिने तिथेच घातली. महिन्या-दीड महिन्याने पाच गुबगुबीत पिल्ले फांदीवर ओळीने बसली. त्यांतले धाकटे म्हणाले, "बाबा, पलीकडचं पाणी किती छान चमकतंय! तिकडे जाऊ या?"

"जाऊ," खंड्या म्हणाला, "पण आधी खेकडेआजोबा त्यात पाय घालतात का, ते बघून ये."

तात्पर्य : पाणी चांगले की वाईट, हे त्याच्या तळाशी राहणाऱ्यांना विचारावे.