शाळेची मूठ

फार पूर्वी, म्हणजे राजे स्वतः घोड्यावरून हिंडून रस्ते बघायचे तेव्हा, समुद्राकाठी एक लहानसं राज्य होतं. आपल्या राज्यातलं प्रत्येक पोर लिहायला-वाचायला शिकलं पाहिजे, असं तिथल्या राजाला मनापासून वाटायचं. पण खजिन्यात खडखडाट. मग गुरुजींना पोसायचं कुणी? राजानं डोकं चालवलं आणि दवंडी पिटवली, "बाजारात धान्याचं पोतं सुटलं, की त्यातली एक मूठ त्या गावच्या शाळेची!"

ऐकायला किती गोड नियम! मूठभर धान्यानं कुठला व्यापारी मरतो? सगळ्यांनी माना डोलावल्या. राजाचं मन साफ होतं, हे मी आधीच सांगून ठेवते. नाहीतर तुम्ही त्याला दुष्ट ठरवून मोकळे व्हाल.

त्या राज्यात तीन गावं होती. डोंगरावर नाचणी पिकवणारं वरचं गाव. खाली सपाटीला पेठ. आणि खाडीच्या तोंडाशी मिठागराचं गाव, तिथं मिठाशिवाय काहीच पिकत नव्हतं. तीन गावांत मिळून बाजार मात्र एकच, तोही पेठेत. म्हणजे पोती सुटायची पेठेत, आणि मुठी पडायच्या पेठेतल्या शाळेच्या हाऱ्यात. हारा म्हणजे बांबूची ही एवढी मोठी टोपली, उचलायला तीन माणसं लागायची.

पेठेच्या शाळेला कौलं होती. बसायला सतरंज्या होत्या. पाच गुरुजी होते. एक अक्षरांचा, एक गणिताचा, एक गाण्याचा, एक हिशेब ठेवायला, आणि पाचवा नेमकं काय शिकवायचा ते पोरांनाही माहीत नव्हतं. पण होता बुवा!

वरच्या गावात गवताच्या छपराखाली एकच गुरुजी होते. छप्पर पावसात गळायचं, पाट्या तीन पोरांत एक. आणि मिठागराच्या गावात? तिथं शाळाच नव्हती. तिथली पोरं मिठाच्या बांधावर बसून बगळे मोजायची, तेही दहाच्या पुढं येत नव्हतं.

वरच्या गावात भिवरा नावाची बाई राहायची. नवरा गेलेला, पदरात एक मुलगी, मैना. भिवराचं काम पोती शिवण्याचं. नाचणी भरली की दाभणात सुतळी ओवून ती पोत्याचं तोंड शिवायची, शेवटी दुहेरी गाठ मारायची आणि गाठीत तांबडी चिंधी अडकवायची. खाली गेल्यावर आपली पोती दुसऱ्यांच्या पोत्यांत मिसळू नयेत, म्हणून ही खूण. अख्ख्या डोंगरात तिच्यासारखी गाठ कुणाला जमायची नाही.

एक दिवस गुरुजी तिच्या अंगणात आले. 

"भिवराबाई, दिवाळीपर्यंत थांबतो. पुढं नाही जमायचं. गाव देतं ते मला कळतं, पण माझ्याही घरी चार तोंडं आहेत."

 गाव तरी कुठून देणार? मीठ-कापडासाठी नाचणी विकून टाकली की दोन महिने गाव कंदमुळांवर काढायचं. आणि मैना तर आत्ता कुठं 'ठ' पर्यंत आली होती! गुरुजी गेले, की पोरगी जन्मभर 'ठ' वरच अडकणार. या विचारानं भिवराला त्या दिवशी भाकरी गोड लागली नाही.

पुढच्या बाजाराच्या दिवशी ती पोत्यांबरोबर डोंगर उतरून पेठेत आली आणि थेट महाजनासमोर उभी राहिली. महाजन म्हणजे पेठेचा मुख्य, शाळेचा कारभारही त्याच्याच हातात.

"महाजन, तुमचा हारा ओसंडून वाहतोय. त्यातलं थोडं वरच्या शाळेला द्या. आमचे गुरुजी निघालेत."

महाजन काही वाईट माणूस नव्हता. त्यानं तिला पाणी दिलं, गूळ दिला. मग म्हणाला, "बाई, तुझी तळमळ कळते गं मला. पण नियम म्हणजे नियम. आमची मूठ, आमच्या पोरांची. तुम्हीही भरवा की बाजार, कोण अडवतंय?"

डोंगरावर बाजार! जिथं बैलगाडी चढत नाही तिथं! भिवराला असा संताप आला, की गूळ तसाच ठेवून ती उठली. आज खुद्द राजा शाळा बघायला येणार आहे, असं बाजारात कानावर आलं होतं. त्याच्याच कानावर घालू, म्हणून ती शाळेच्या पायरीशी जाऊन बसली. सहज आत डोकावली, तर भिंतीवर खुंट्यांना पाट्या टांगलेल्या. एकेका पोराला एकेक पाटी! आणि पाट्या टांगल्या होत्या सुतळीनं.

"अगं बाई!" भिवरा उभीच राहिली.

प्रत्येक सुतळीला दुहेरी गाठ होती. प्रत्येक गाठीत तांबडी चिंधी होती.

तेवढ्यात राजा आला. मागं महाजन, मागं पाच गुरुजी. राजा शाळा बघून खूश झाला. तो निघणार तोच भिवरानं एक पाटी खुंटीवरून काढली आणि त्याच्यासमोर धरली.

"महाराज, ही गाठ माझी आहे. सगळ्याच गाठी माझ्या आहेत. या सुतळीनं पोती मी शिवली वरच्या गावात. सुटली इथं, म्हणून मूठ इथली झाली. आमचं धान्य, आमची सुतळी, आणि आमच्याच पोरांना पाटी नाही!"

राजानं महाजनाला विचारलं, "पेठेत काय पिकतं?"

"भात, महाराज."

"आणि हाऱ्यात काय आहे?"

महाजनानं हाऱ्यात हात घातला. मुठीतून तांबडी नाचणी गळत होती. तो हारा रोज बघायचा हो, पण आत काय आहे ते त्यानं कधी बघितलंच नव्हतं. त्याचा चेहरा पडला, आणि खरं सांगायचं तर राजाचाही.

राजानं तिथल्या तिथं नियम बदलला. "मूठ पोतं सुटतं त्या गावची नाही. पोतं जिथं शिवलं जातं, त्या गावची!"

आता तुम्ही म्हणाल, संपली गोष्ट, बाईचा विजय झाला. मीसुद्धा पूर्वी इथंच संपवायची. पोरं टाळ्या वाजवायची, मी उठायची. पण गोष्ट इथं संपली नाही, आणि पुढचा भाग जरा टोचतो.

वरच्या गावचे दिवस पालटले. गुरुजी राहिले. मैना 'ठ' ओलांडून पार पुढं गेली. पेठेला दोन गुरुजी कमी करावे लागले. त्यात पाचवा गेला ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. वरच्या शाळेत दुसरे गुरुजी आणायचं ठरलं, आणि छपरावर कौलं घालायचंही ठरलं. मैना तर घरात रोज एकच जप करायची, कौलं, कौलं, कौलं.

सुगी आली. भिवरा अंगणात पोतं शिवत बसली होती. मिठागराच्या गावची एक बाई डोक्यावर मिठाची टोपली घेऊन डोंगर चढून आली. मीठ देऊन नाचणी न्यायची, हा तिचा दरवर्षीचा फेरा. बरोबर तिचा मुलगा होता. तो शाळेच्या दाराशी जाऊन उभा राहिला आणि आतली पोरं ओरडत होती ते हळूच ओठांत म्हणू लागला.

बाई म्हणाली, "ताई, तुम्ही राजाशी बोललात म्हणे. आमच्याकडं धान्य नाही, म्हणून मूठ नाही, म्हणून शाळा नाही. तुमच्या मुठीतलं थोडं आम्हाला मिळालं तर एक गुरुजी येतील."

भिवरानं दाभण पोत्यात खुपसलं. "बाय, तुझं खरं आहे गं. पण नियम म्हणजे नियम. आमची मूठ, आमच्या पोरांची."

बाईनं मीठ मापून दिलं, नाचणी बांधून घेतली. जाताना एवढंच म्हणाली, "मिठाची मूठ कुणी घेत नाही, ताई. पण तुमच्या पेजेत चिमूट रोज पडते."

ती पोराला हाताला धरून डोंगर उतरू लागली. पोर मागं वळून वळून शाळेकडं बघत होतं.

भिवराचं दाभण अर्ध्यातच थांबलं. हे शब्द आपण कुठं ऐकले होते? आणि आठवलं तेव्हा तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शब्द महाजनाचे होते, फक्त तोंड तिचं होतं! महाजनानं निदान गूळ तरी दिला होता.

तिनं गाव गोळा केलं. म्हणाली, "कौलं थांबवू. सगळ्या मुठी एकाच कणगीत टाकू आणि ज्या गावात जेवढी पोरं, तेवढं धान्य त्या शाळेला देऊ."

गाव भडकलं. "आत्ता कुठं दोन घास सुखाचे मिळाले, ते पण वाटायचे?" एक म्हातारबाबा काठी आपटत म्हणाले, "आज मिठागरवाले आले. उद्या रानातले येतील, परवा बेटावरचे येतील!"

"येऊ देत," भिवरा म्हणाली.

तेव्हा गुरुजी पुढं आले. ते म्हणाले, "मिठागराचं गाव निदान मीठ तरी दाखवू शकतं. ज्या गावाकडं दाखवायला काहीच नाही, तिथल्या पोरांनी शाळा मिळवायला काय दाखवायचं? मला विचाराल तर दुसरे गुरुजी नकोत. मी पुरेन."

लोक बराच वेळ कुरकुरले. पण गुरुजींनीच दुप्पट काम अंगावर घ्यायचं ठरवल्यावर कोण काय बोलणार? म्हातारबाबांनी सगळ्यांत शेवटी हात वर केला, तोही अर्धाच. ते तसे कुणाचं सहजासहजी ऐकणारे नव्हते.

मैना मात्र रडली. "आई, माझ्या पाटीवर पाणी गळतं!"

"मग जागा बदलून बस," भिवरा म्हणाली, आणि पदराआड आपणही रडली. पोरीच्या डोक्यावर येणारी कौलं स्वतःच्या हातानं काढून द्यायची, हे काही सोपं नसतं.

भिवरानं ही रीत राजाच्या कानावर घातली, आणि त्याला ती पटली. महाजन आधी कुरबुरला, मग घसा खाकरून म्हणाला, "पाचव्या गुरुजीवाचून आमचं काही अडलं नाही म्हणा." झालं, राज्यभर तीच रीत पडली. मूठ पोत्याची, वाटा पोरांचा.

पुढच्या वर्षी भिवरा पहिल्यांदाच खाडीकाठी गेली. मिठाच्या बांधाजवळ झावळ्यांची शाळा उभी होती. कुडाला पाट्या टांगल्या होत्या, तांबड्या चिंधीच्या सुतळीनं. ती सुतळी तिनंच पाठवली होती. आत तोच मुलगा पाटीवर वाकून लिहीत होता. त्यानं 'ठ' काढला, नीट गोल, आणि मान वर करून विचारलं, "गुरुजी, पुढं?"

गुरुजींनी 'ड' काढून दाखवला.

भिवरा दारातच उभी राहिली. तिला आत जायचं होतं, पण डोळे इतके भरून आले, की उंबरा दिसेना.

तात्पर्य विचारणारच तुम्ही, तर ऐका: आपल्या पोराच्या हातात पाटी आली, की अर्धाच न्याय झाला. तिन्ही गावांच्या पोरांच्या हातात ती आली, की पुरा झाला.