बोरखिंडीची झाकणी

बोरखिंडीच्या बाजारात कुंभाराकडून गाडगं घ्या, मडकं घ्या, पैसे भांड्याचे पडतात. वर बसणारी झाकणी कुंभार स्वतः निवडतो, बसवून बघतो, जरा फिरवतो आणि तिचे पैसे घेत नाही. परगावची माणसं भलेपणा दाखवायला झाकणीचे म्हणून जास्तीचे पैसे पुढे करतात. कुंभार मग दिलेलं भांडंही परत घेतो. आत्ता तुमचं झालं तेच. त्याच्यावर रागावू नका. इथे लिंबाखाली बसा, तो का चिडला ते सांगतो.

हे समोरचं देऊळ झाकणाईचं. इथे नैवेद्याची भांडी झाकलेलीच आत जातात आणि झाकलेलीच बाहेर येतात. पुजारीसुद्धा झाकणी उचलत नाही. आत पुरणपोळी आहे की कालच्या भाकरीचे तुकडे, ते देवीला ठाऊक आणि आणणारीला ठाऊक.

फार मागे, हे देऊळ नव्हतं, लिंबाखाली नुसता शेंदराचा दगड होता, तेव्हा गावात ठकूबाई नावाची कुंभारीण राहत होती असं सांगतात. नवरा म्हादबा चाकावर बसायचा, ठकूबाई माती मळायची, पोरं राख चाळायची. एका वर्षी भर उन्हाळ्यात, भट्टी पेटलेली असताना, अवकाळी पाऊस कोसळला. पेटत्या भट्टीवर पाणी पडलं की काय होतं ते कुंभारालाच विचारावं. सगळा माल तडकला. लाकूडफाटा गेला, मेहनत गेली, आणि बाजार तोंडावर.

म्हादबाने नरसूशेटकडून कर्ज काढलं. नरसूशेट म्हणजे गावातला पैसेवाला. त्याने तारण म्हणून कुंभाराचं चाक लिहून घेतलं. चाक! तेच गेलं तर माणसाने कर्ज फेडायचं कशाने, हा विचार त्याच्या मनाला शिवला नाही. की शिवला होता म्हणूनच चाक मागितलं, कोण जाणे.

ठकूबाईने लिंबाखालच्या दगडावर हात ठेवून शब्द दिला, "आई, शेटचा पैसा फिटंस्तवर माझ्या घरातला कण वाया जायचा न्हाई." आणि तिने तो शब्द असा पाळला की ऐकून जीव तुटतो. सकाळच्या भाकरीतली उरलेली दुसऱ्या दिवशी ताकात भिजायची. दोडक्याच्या शिरा लोक टाकतात, ती त्यांची चटणी वाटायची. भोपळ्याची साल, मुळ्याचा पाला, भाताच्या तळाची खरवड, आमटीचं भांडं विसळलेलं पाणी, सगळ्याला तिच्या चुलीवर जागा होती. तेल्याला ती घागर द्यायची आणि बदल्यात घाण्याच्या तळाचं गढूळ तेल आणायची. कढीलिंब कुंपणाचा, लसूण परसातली. भांड्यावर म्हादबाने घडवलेली नेमकी झाकणी बसायची, म्हणजे सरपणही कमी लागायचं.

पण हाताला चव होती हो त्या बाईच्या! तिची झाकणी उघडली की लसणीच्या फोडणीचा वास आळीभर व्हायचा. येणारीजाणारी माणसं म्हणायची, कुंभाराकडे आज काहीतरी बेत आहे. बेत कसला, तुकडे!

तो वास एकदा नरसूशेटच्या नाकात गेला. घरी तूप-साखर खाणारा माणूस, पण त्या वासाने वाटेत थांबला म्हणे. तोंडाला पाणी सुटलं, त्याचा त्याला राग आला, आणि तो राग त्याने कुंभाराच्या नावावर मांडला. सरळ पारावर गेला, पाटलाला आणि पंचांना बोलावलं आणि म्हणाला, "पैसा माझा आन् चंगळ ह्यांची! रोज फोडण्या चालल्यात. पैसा असून देत न्हाईत. आजच्या आज माझा पैसा द्या, न्हाईतर चाक माझं."

कुंभाराने एकही हप्ता चुकवला नव्हता. पंचांनी एवढं विचारायला काय हरकत होती? कुणी विचारलं नाही. पाटील म्हणाला, भांडं बघू, म्हणजे कळेल. माणसाचा शब्द विचारायचा सोडून त्याचं भांडं बघायला निघाले, हे आमच्या गावचे शहाणे!

पोरं ताटल्या घेऊन बसली होती. ठकूबाईने गाडगं चुलीवरून नुकतंच उतरवलं होतं. नरसूशेट चपला न काढता आत आला.

"शेट, हात लावू नगा," ती म्हणाली. "पैसा तुमचा हाय, कबूल. ही झाकणी माझ्या घराची हाय."

"आत काय लपवलंयस ते कळंल की आता."

त्याने फडक्याने धरून ते गाडगं उचललं आणि पारावर नेलं. ठकूबाई मागोमाग धावली. म्हादबा खाली मान घालून उभा राहिला. त्याचाही तिला त्या क्षणी संताप आला, आणि का येऊ नये?

सगळ्या गावादेखत नरसूशेटने झाकणी उचलली. आत शिळ्या भाकरीचे तुकडे, भोपळ्याची साल आणि वर लसणीच्या चार कुड्या. मग गर्दीतून कुणीतरी हसलं. विठू कोष्टी त्याचं नाव. एक हसला म्हणून मग बाकीचेही हसले. ठकूबाईला वाटलं, भुई दुभंगावी. पण ती खाली बघेना. तिने एकेकाचं तोंड नीट बघून घेतलं.

नरसूशेटने झाकणी पाराच्या दगडावर टाकली, तिचे तुकडे झाले. पाटील म्हणाला, "बरं बरं, मिटलं. चाक राहू दे तुमच्याकडं. जा घेऊन तुझं गाडगं." जसं काही पंचांनीच तिच्यावर उपकार केले!

ठकूबाईने खापरं पदरात गोळा केली.

"चाक आमचंच हुतं, तुम्ही काय दिलंत?" ती म्हणाली. "शेटचा पैसा आम्ही फेडू, पै न् पै फेडू. पर माझी झाकणी तुम्ही समद्यांनी उचललीया. ती कोण फेडणार?"

तिने ती खापरं लिंबाखालच्या दगडापुढे नेऊन ठेवली आणि उघडं गाडगं घेऊन घरी गेली. पोरांना वाढलं. स्वतः जेवली नाही.

त्या संध्याकाळपासून बोरखिंडीत एकाही भांड्यावर झाकण बसेना, असं सांगतात. मातीचं असो, पितळेचं असो, ठेवलं की घसरून खाली. वर दगड ठेवला तर दगडासकट खाली. सून भात टाकून वळली की मागे खणखणाट. कुणाच्या घरात काय शिजतंय ते दारातून जाणाऱ्याला दिसायला लागलं.

आणि काय काय दिसलं म्हणता! पाटलाने एकादशी धरलेली, आणि चुलीवर कोंबडी. नरसूशेटकडे एका चुलीवर तुपातला शिरा, आणि दुसरीवर गडीमाणसांसाठी किडक्या जोंधळ्याच्या आंबलेल्या कण्या. अर्ध्या गावाच्या भांड्यांत तर तेच, शिळे तुकडे आणि साली. हसले होते ना पारावर? त्यांच्याच घरी!

आणि विठू कोष्ट्याच्या चुलीवर नुसतं पाणी उकळत होतं. शेजाऱ्यांना धूर दिसावा, घरात काही शिजतंय असं वाटावं, म्हणून त्याची बायको रोज पाणी उकळायची. आपल्याकडे कुणी बघू नये म्हणून तो सगळ्यांच्या आधी हसला होता.

गाव हवालदिल झालं. लोक दारं लावून जेवायला लागले, मग जेवायचेच कमी झाले. शेवटी सगळे पंच ठकूबाईच्या दारात आले. नरसूशेट पुढे होता. "ठकूबाई," तो म्हणाला, "कर्ज माफ केलं मी. जाऊ दे आता."

"माफी द्याया तुम्ही कोण?" ती म्हणाली. "गुन्हा आमचा हुता व्हय? पैसा घेतला, त्यो फिटंल. माफी मागायची असंल तर मागा."

नरसूशेटने कधी कुणाची माफी मागितली नव्हती. आताही त्याने ती मागितली नाही. पण त्याच्या मागून विठू कोष्टी पुढे आला आणि तिच्या पायांशी बसला. त्याचं तोंड बघून ठकूबाई आत गेली आणि नवऱ्याला म्हणाली, "अवं, चाकावर बसा."

देवीपुढची खापरं तिने कुटली, त्यांची पूड नव्या मातीत मळली. पहिली झाकणी विठूच्या घरी गेली आणि तिच्यासोबत ओंजळभर तुकडेही, झाकून. ती झाकणी भांड्यावर बसली ती हलली नाही. मग घरोघर झाकण्या गेल्या. कुणी पैसे पुढे केले की ठकूबाई कडाडायची, "गाडगं इकीन. अब्रू न्हाई इकायची मी."

नरसूशेटला शेवटपर्यंत थांबावं लागलं. अखेर तो एकटाच आला, चपला दाराबाहेर काढल्या आणि म्हणाला, "चुकलं माझं." ठकूबाईने झाकणी दिली, पण अट घातली. दरवर्षी, तिची झाकणी फुटली त्या दिवशी, त्याच्या घरच्या कर्त्याने गडीमाणसांच्या जेवणाचं भांडं पारावर आणायचं आणि आपल्या हाताने उघडायचं.

पुढल्या वर्षापर्यंत कर्ज फिटलं होतं. तिने नरसूशेटच्या हातावर शेवटचा पैसा ठेवला, त्याच दिवशी तो भांडं घेऊन पारावर आला. सगळं गाव बघायला लोटलं होतं. मागच्या वर्षी हसलेलेही पुढे सरकले होते. त्याने झाकणीला हात घातला, आणि त्याच वेळी ठकूबाईने पाठ फिरवली. तिचं बघून विठूने फिरवली. मग सगळ्या गावाने.

मला हे पटत नाही, मी सरळ सांगतो. मी असतो तर मान लांब करून बघितलं असतं. तिच्या पोरांच्या तोंडचं गाडगं ज्याने उचललं, त्याला कशाला लाज राखू द्यायची? पण ती ठकूबाई होती, मी नव्हे.

आजही त्या दिवशी झाकणाईची जत्रा भरते, आणि नरसूशेटच्या घराण्यातला कर्ता पुरुष पारावर भांडं आणतो. झाकणी उचलतो, आणि सगळं गाव त्याच्याकडे पाठ करून उभं राहतं. लहान पोरांचीसुद्धा तोंडं आया वळवून धरतात. झाकणी पुन्हा बसल्याचा आवाज आला की मगच माणसं वळतात. आत काय होतं, ते आजवर कुणी पाहिलेलं नाही.

चला, जा त्या कुंभाराकडे. मडक्याचे तेवढे पैसे द्या, आणि झाकणी तो देईल तशी घ्या.