जहाजाच्या शेपटीचं डबडं

तोफा बोलायच्या आणि माणसं ऐकायची, त्या काळची ही गोष्ट. एका लढाऊ जहाजावर गर्जनाबाई नावाची तोफ होती. जहाजामागे दोरीला बांधलेला पत्र्याचा तराफा तरंगत यायचा. गर्जनाबाई त्याला रोज डिवचायची, "काय रे डबड्या, कुत्र्याच्या शेपटीला बांधलेला सुटून इकडे आलास होय?" डबडं खडखड हसायचं.

एके दुपारी लांबून एक क्षेपणास्त्र सणसणत आलं. त्याला अंधुकच दिसायचं. जो जास्त चमकेल त्याच्यावर पडायचं, एवढीच त्याची अक्कल.

"इथलं जहाज कोण?" त्यानं विचारलं.

"मी! दुसरं कोण?" डबडं उन्हात अंग चमकवत ओरडलं.

गर्जनाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हे डबडं जहाज? मग आम्ही कोण? खरं काय ते सांगायला तिनं तोंड उघडलं, तेवढ्यात खाली जेवायला बसलेल्या खलाशांच्या ताटांचा आवाज आला. गर्जनाबाईनं तोंड मिटलं. जन्मात पहिल्यांदाच.

क्षेपणास्त्र डबड्यावर कोसळलं. पत्र्याच्या चिंध्या झाल्या. जहाज नुसतं डुललं, खाली कुणाची तरी आमटी सांडली.

दुसऱ्या दिवशी दोरीला नवं डबडं बांधलं. बिचारं टोमण्याची वाट बघत होतं.

"राम राम, जहाजराव," गर्जनाबाई म्हणाली.