पाणीपट्टीची भिक्षा

"पट्टी न भरणाऱ्यांचे नळ तोडायचे की नाही, तेवढं सांगा बाई. उद्या पंपाची वीज तोडायला माणसं येताहेत!"

वरखेडचे सरपंच खंडेराव टेकाळे मठाच्या ओट्यावर टेकलेही नव्हते. उभ्यानेच विचारत होते.

नागाबाई झोळी झटकत होत्या. म्हाताऱ्या महानुभाव संन्यासिनी. गावातली भिक्षा हेच त्यांचं अन्न.

"वीज गेली तर?"

"पंप बंद. मग लोक नाल्याचं पाणी पिणार. गेल्या साली पंप बिघडला तेव्हा त्याच पाण्याने घरोघर कावीळ झाली... बिल थकलंय, बाई. पाणीपट्टी कोणी भरत नाही."

"मागितलीस?"

"कशी मागू? निवडणुकीत पाणी फुकट म्हणालो होतो. योजना सरकारने दिली, वीजबिल पंचायत भरत गेली. आता पंचायतीत खडखडाट आहे."

"मागितलीस का?"

खंडेराव ताठ झाले. "मी देणारा माणूस आहे. टेकाळ्यांचा हात आजवर कुणापुढे पसरला नाही."

नागाबाई उठल्या. झोळी खंडेरावांच्याच खांद्याला अडकवली.

"चल. भिक्षेची वेळ झाली."

पहिलं दार कौतिकाबाईचं. ती भाकरी घेऊन बाहेर आली आणि सरपंचाच्या खांद्यावर झोळी बघून थबकली.

खंडेरावांनी झोळी सावरली. त्यांनी नागाबाईंकडे पाहिलं. त्यांनी दाराकडे बोट केलं.

"पाणीपट्टी... द्या, काकू."

"फुकट म्हणाला होतास की रे!"

"म्हणालो होतो. आता निभत नाही."

ती आत गेली. बराच वेळ आलीच नाही.

आली ती मुठीत चुरगळलेल्या नोटा घेऊन. नोटा झोळीत टाकल्या, पण झोळीचा काठ काही सोडेना.

"पाणी गढूळ का येतं? टाकी कधी धुतली होती?"

"बघतो," म्हणत खंडेरावांनी झोळी सोडवून घेतली.

पुढच्या दारी शिव्या मिळाल्या. सख्ख्या चुलतभावाने दार लावून घेतलं. पण ज्याने ज्याने दिलं, त्याने काही ना काही विचारलंच. आमच्या आळीला पाणी का चढत नाही? फुटका पाइप कधी जोडणार?

दुसऱ्या दिवशी अर्धं बिल भरलं गेलं. बाकीच्याला मुदत मिळाली.

संध्याकाळी खंडेराव मठात आले. चेहरा उतरलेला.

"वीज राहिली ना?" नागाबाईंनी विचारलं.

"राहिली. पण बाई, फुकट होतं तेव्हा एकानेही तोंड उघडलं नाही. आता जो तो रस्त्यात अडवून जाब विचारतो. म्हणून आज टाकीवर चढलो. झाकण उघडलं, तर आत... मेलेली पाखरं. हेच पाणी लेकरं पीत होती."

ते ओट्यावर टेकले.

"आज डोळ्याला डोळा लागायचा नाही हो. झोप येईल असं काहीतरी सांगा."

नागाबाईंनी दिवा लावला.

"येऊ देऊ नकोस."