खेकसणारं दार

शेतांना कुंपणं नव्हती, त्या काळची गोष्ट. एका बांधाखाली उंदरांचं सामाईक कोठार होतं. दाराच्या दगडामागे म्हातारा खेकडा बसे. त्याला फारसं दिसत नसे, म्हणून नियम असा, की ज्याचा गुप्त शब्द, त्याचं धान्य. शब्द चुकला की खेकडा खेकसे.

सुगी संपल्यावर चिमखडी उंदरीण पिलांसाठी ठेवलेली ज्वारी आणायला निघाली. नेहमीच्या दाराच्या जरा अलीकडेच तिला तसाच दगड, तसंच भोक दिसलं. आतून आवाज आला, "या ताई, दमलात ना? शब्द सांगा बरं."

चिमखडीच्या मिशा थरारल्या. खेकडेआजोबा आणि 'दमलात ना'? त्यांनी तर जन्मात कुणाला 'ये'सुद्धा म्हटलं नव्हतं! ओठांवर आलेला खरा शब्द तिने गिळला आणि म्हणाली, "लाडूबाई."

"अगदी बरोबर! पण आज दगड अडकलाय हो. उद्या या."

वाटेल त्या शब्दाला बरोबर म्हणणारं दार! चिमखडी तडक खऱ्या दाराशी गेली, खेकड्याच्या कानी लागली आणि गवतात दडून बसली.

थोड्याच वेळात एक लठ्ठ घूस डुलत आली. दाराला नाक लावून लाडात म्हणाली, "लाडूबाई!"

दगड सरकला आणि नांगी बाहेर आली. घूस नाक धरून बोंबलत शेतापार पळाली.

मग चिमखडी दाराशी आली. "आजोबा, उघडा. माझा शब्द भोपळा."

"साफ चूक! चालती हो!" खेकडा खेकसला.

"हां, हेच आपलं दार," चिमखडी खुदकन हसली आणि मग तिने खरा शब्द कुजबुजला.