तुपाच्या भांड्यात दूध

एकदा एक व्याख्याता शहरातून एका गावी आला. सृष्टीतली सगळी बळं मुळात एकच आहेत की काय, हा त्याचा विषय. ऐकायला गाव लोटलं आणि सगळ्यांत पुढे सगुणा जाऊन बसली. तिची लेक रेवती दूरच्या शहरात याच विषयाचा अभ्यास करीत होती. चौथीपर्यंत शिकलेल्या आईला एवढंच हवं होतं, की पोर दिवसभर कशाच्या मागे असते ते एकदा आपल्याला कळावं.

आणि थोडंसं कळलंही. व्याख्यात्याने एका तारेतून वीज सोडली आणि जवळच्या होकायंत्राची सुई थरथरून वळली. तो म्हणाला, "वीज वेगळी नि चुंबक वेगळा, असं माणसं समजत होती. ती दोन्ही एकाच घरची निघाली. पुढे अणूच्या पोटातलं एक बळही त्यांच्या गोतात बसलं. पण अणूचा गाभा बांधून ठेवणारं बळ आणि झाडावरचं फळ खाली ओढणारं बळ, ही दोन अजून त्यात बसत नाहीत."

सगुणा सुईकडे बघतच राहिली. हात न लावता वळली! तिच्या मनात आलं, उठून विचारावं: एकाच घरची आहेत तर वेगळी का दिसतात? पण तेवढ्यात अध्यक्ष उठले.

अध्यक्ष म्हणजे गावातला बडा व्यापारी. व्याख्यानभर त्याची मान छातीवर पडलेली होती. उपरणं सावरीत तो म्हणाला, "यात नवं ते काय? सगळं एकच आहे, हे आपल्या पूर्वजांनी पोथ्यांत केव्हाच लिहून ठेवलंय!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. सुई वळली तेव्हा एक टाळी पडली नव्हती. आणि तो शिकलेला पाहुणा? त्याने मुकाट्याने शाल-नारळ घेतला आणि गाडी गाठली.

बाहेर पडताना व्यापाऱ्याने सगुणाच्या नवऱ्याला गाठलं. "पोरीला घरी आणा. सापडलेली वस्तू शोधण्यात कसली वर्षं घालवते? लग्नाचं वय निघून चाललंय." नवरा मऊ माणूस. शेठचा शब्द खाली पडू देणं त्याला जमत नसे. त्याने घरी येऊन सांगून टाकलं, "उद्या पोथीची समाप्ती झाली की परवा पहिल्या गाडीने जातो आणि घेऊन येतो तिला."

सगुणाच्या अंगाचा तिळपापड झाला. ती तशीच बुवांकडे गेली. बुवा म्हणजे देवळात पोथी सांगणारे वृद्ध गृहस्थ. चौथीनंतर शाळा सुटली तेव्हा सगुणाला पुढचं वाचायला त्यांनीच शिकवलं होतं, म्हणून ती त्यांना गुरू मानी.

"बुवा, एकच सांगा. माझी पोर शोधतेय ते तुमच्या पोथीत आहे का? असेल तर मीच जाऊन तिला आणते. नसेल तर तसं चारचौघांत बोला. त्या पाहुण्यासारखे गप्प बसू नका!"

बुवा म्हणाले, "उद्याच्या समाप्तीच्या पंगतीला तूप तुझ्याकडचंच ना? तुपाच्या भांड्यात दूध भरून ठेव."

"दूध?"

"दूध. भातावरची अन्नशुद्धी, ती पहिली धार, मी स्वतः वाढीन."

विचारावं काय आणि हे सांगतात काय! सगुणा धुसफुसत परतली. पण गुरूचा शब्द, म्हणून तिने भांडं भरून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी पंगत बसली. पानांवर भाताच्या मुदी पडल्या, वर पिवळंधमक वरण आलं. आता तुपाची धार पडली की जेवायला सुरुवात. बुवा भांडं घेऊन आले आणि त्यांनी पहिल्याच पानावर, व्यापाऱ्याच्या भातावर, पळीभर दूध ओतलं. वरण फिकं पडून पानभर ओघळलं.

"अहो बुवा! डोळे गेले का तुमचे? दूध आहे हे!"

"तूप आहे, शेठजी. जेवा."

"हे तूप?"

"फुंकर मारून प्या, शेठ!" पंगतीतून कुणीतरी ओरडलं आणि हशा पिकला.

बुवा हसले नाहीत. "दुधात तूप असतं की नाही?"

"असतं."

"तुमच्या वाडवडिलांना ते ठाऊक होतं की नाही?"

"शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं!" व्यापारी भडकला. "असतं म्हणून काय झालं? विरजायला नको? घुसळायला नको? लोणी कढवायला नको?"

बुवांनी भांडं खाली ठेवलं.

"मग काल टाळ्या कशाच्या घेतल्यात? जन्मभर मी पोथी वाचतो आहे. 'सगळं एक' असं तीत आहे, आणि ज्यांनी ते म्हटलं त्यांच्या पायांवर मी रोज डोकं ठेवतो. त्यांनी ते देह झिजवून मिळवलं, आणि माणसाचं मन निवावं म्हणून सांगितलं. तारेजवळची सुई का वळते, याचं एक अक्षर त्यात नाही. दुधात तूप आहे म्हणणं निराळं, ते काढून वाटीत दाखवणं निराळं. लोणी वर का येतं, ताक खाली का राहतं, हे ज्याला सांगता येईल त्याला दूध कळलं. या सगुणाची पोर रवी धरून बसली आहे. अजून लोणी आलेलं नाही. कदाचित येणारही नाही, नुसते हातच दुखतील. पण तुम्ही? पोथी कधी उघडली नाहीत, व्याख्यानात घोरलात, आणि दोन्हीकडचं तूप माझं म्हणून मोकळे झालात! वर घुसळणारीचा हात धरून तिला उठवता? शेठजी, हा पूर्वजांचा गौरव नव्हे. त्यांच्या नावावर केलेला आळस आहे हा!"

सगुणाच्या नवऱ्याने मान खाली घातली. "उद्याची गाडी राहू दे," तो तिला हळूच म्हणाला.

व्यापारी आपल्या पानाकडे बघत होता. ते बाजूला सारून म्हणाला, "बुवा, आता तूप तरी आणा."

"आहे की. सगुणाने घरी कढवलेलं आहे. मागा तिच्याकडे."

"वाढ, बाई," व्यापारी म्हणाला. सगुणाने वाढलं. हात आखडला नाही.

संध्याकाळी तिने रेवतीला फोन लावला, पंगतीची सगळी हकिगत सांगितली, आणि मनात अडकलेला प्रश्न अखेर विचारला. "एकाच घरची आहेत, तर वेगळी का दिसतात गं?"

पलीकडून रेवती म्हणाली, "आई, काहींचं कळलंय. उरलेल्यांचं आम्हालाही कळलेलं नाही अजून."

सगुणाला फार बरं वाटलं. इतक्या दिवसांत या विषयावर कुणीतरी तिच्याशी खरं बोललं होतं.

"मग घुसळ," ती म्हणाली. "इथं कुणी तुपासाठी अडून बसलेलं नाही."